नदीपलीकडून येणारी गाणी : प्रस्तावना

१९३८ च्या हिवाळ्यात, दिवस मावळला की अमेरिकेच्या मोठ्या भूभागावर एक रेडिओ केंद्र बाकीच्या केंद्रांना मागे सारून खणखणीत ऐकू येई. त्याचा मनोरा मात्र अमेरिकेत नव्हता. टेक्सासमधल्या डेल रिओ गावासमोर, रिओ ग्रान्दे नदीच्या पलीकडे, मेक्सिकोतल्या विला आकुन्यात तो उभा होता. केंद्राचं नाव एक्सईआरए. ताकद ५०० किलोवॉट. सिनसिनाटीचं एक प्रायोगिक केंद्र सोडलं, तर अमेरिकेतल्या कुठल्याही केंद्राला त्या काळी ५० किलोवॉटच्या पुढे जाता येत नसे. या केंद्रावर, केस काळे करायच्या औषधाच्या आणि बाटलीबंद टॉनिकच्या जाहिरातींमधल्या जागेत, व्हर्जिनियाच्या डोंगरातली तीन माणसं दिवसातून दोनदा गात असत. सॅरा कार्टर मांडीवर ऑटोहार्प घेऊन मुख्य आवाज लावी. मेबेल गिटार वाजवी आणि सॅराच्या सुराला सूर देई. ती सॅराची नात्याने बहीणही आणि जाऊही. तिसरा ए. पी. कार्टर, सॅराचा आधीचा नवरा. तो मनात आलं की खालच्या पट्टीत सामील होई, नाही आलं की गप्प राही.

हे पुस्तक या तिघांच्या रेडिओवरच्या गाण्याबद्दल आहे.

कार्टर फॅमिलीची गोष्ट सहसा ध्वनिमुद्रिकांच्या अंगाने सांगितली जाते. ती सांगायला सोपी आहे, कारण मुद्रिका हातात आहेत, त्यांच्या तारखा माहीत आहेत, अडीचशेहून अधिक गाण्यांची यादी करता येते. त्या यादीचं मोल मी कमी लेखत नाही. पण माझ्या मते या त्रयीचं खरं काम रेडिओवरच्या त्या दोनतीन हिवाळ्यांत झालं. लोकांच्या ओसरीवरून गोळा केलेलं गाणं तोपर्यंत मुद्रिकेच्या रूपाने दुकानात विकायला होतं. रेडिओने ते पुन्हा घराघरांत नेऊन ठेवलं, आणि ज्यांच्याकडे मुद्रिका घ्यायला पैसे नव्हते त्यांच्याही घरात नेलं. हे कसं घडलं आणि कोणाच्या पैशाने घडलं, हे नीट पाहायला हवं. म्हणून हा खटाटोप.

आधी थोडं मागे जायला हवं. ब्रिस्टल हे गाव टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांत विभागलेलं आहे. मुख्य रस्त्याच्या मधून सीमा जाते. १९२७ च्या जुलैअखेरीस ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर तिथे आला आणि टोप्यांच्या एका कंपनीच्या इमारतीत त्याने तात्पुरता स्टुडिओ थाटला. १ आणि २ ऑगस्टला कार्टर मंडळींनी तिथे सहा गाणी गायली. मेबेल अठरा वर्षांची होती आणि तिला आठवा महिना लागलेला होता. सॅराचं तान्हं मूल सोबत होतं. दर गाण्यामागे ५० डॉलर मिळाले. क्लिंच डोंगराच्या पायथ्याशी, पुअर व्हॅली, म्हणजे गरीब खोरं, असंच नाव असलेल्या खोऱ्यात राहणाऱ्या शेतकरी कुटुंबाला ही रक्कम लहान नव्हती. विजेवर चालणारे मायक्रोफोन ध्वनिमुद्रणात येऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. त्याआधी भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गावं लागे. सॅराला तसं गाणं जमलं नसतं. तिचा आवाज खालचा, सपाट, जागेवरून न हलणारा. दुःखाचे शब्द गातानाही ती गळा दाटू देत नाही. मायक्रोफोन आणखी काही वर्षं उशिरा आला असता तर हा आवाज बहुधा त्या खोऱ्यातच राहिला असता.

गाणी आणायचं काम ए. पी.चं. उंच, बांधा किडकिडीत, हातांना आणि आवाजाला किंचित कंप. तो घरदार सोडून दिवसच्या दिवस डोंगरात भटके. कुणाची आजी एखादं जुनं गाणं म्हणते असं कळलं की तिच्या दारात जाऊन बसे. शब्द उतरवून घेणं त्याला जमे. चाल मात्र डोक्यात राहत नसे. इथे या गोष्टीत लेस्ली रिडल येतो. रिडल हा किंग्जपोर्टला राहणारा कृष्णवर्णीय गिटारवादक. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात त्याचा एक पाय गेला होता. ए. पी. त्याला सोबत नेई. ए. पी. शब्द टिपे आणि रिडल चाल ध्यानात ठेवी. काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलाशी जेवणंही जिथे कायद्याने आणि रिवाजाने अडवलं होतं, तिथे हे दोघं गावोगाव एकत्र हिंडले. रिडल कार्टरांच्या घरी मुक्कामाला असे. मेबेलने त्याच्या बोटांवर नजर ठेवून पुष्कळ काही उचललं. मुद्रिकांवर गीतकार म्हणून नाव मात्र लागलं ते ए. पी. कार्टरचं, आणि प्रकाशनाचे हक्क गेले पीअरच्या कंपनीकडे. रिडलला आपल्या नावाने ऐकवायची संधी मिळाली ती १९६० च्या दशकात, लोकसंगीताचा संग्राहक माइक सीगर याने त्याला रॉचेस्टरमध्ये शोधून काढलं तेव्हा. कार्टर फॅमिलीवर प्रेम करणाऱ्यांना हा अन्याय माहीत असलाच पाहिजे असं मला वाटतं. पुढे ज्या रेडिओ कार्यक्रमांबद्दल मी भरभरून लिहिलं आहे, त्यांतल्या किती चाली रिडलच्या स्मरणात राहिल्या म्हणून वाचल्या, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

एक गोष्ट ए. पी.च्या बाजूनेही सांगितली पाहिजे. ही गाणी सगळीच अनाम लोकांची नव्हती. ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ हे त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं मुळात १८६० साली छापलेलं, बैठकीच्या खोलीत पियानोवर म्हणायचं गीत. सत्तर वर्षं ते तोंडातोंडी फिरलं. शब्द झिजले, काहींचा अर्थ हरवला, काहींच्या जागी भलतेच आले. सॅराने ते ज्या रूपात आईबापांच्या पिढीकडून ऐकलं त्याच रूपात गायलं, दुरुस्त केलं नाही. ते न समजणारे शब्द ती पूर्ण विश्वासाने गाते आणि आपणही ते तसेच स्वीकारतो. छापील गाणं लोकगीत कसं होतं, हे दाखवणारं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता मेबेलच्या गिटारकडे वळतो, कारण तिघांनाच इतका भरलेला आवाज कसा काढता येई याचं उत्तर तिथे आहे. १९२८ साली तिने गिब्सन एल-५ ही गिटार घेतली. किंमत २७५ डॉलर. त्या खोऱ्यात एवढ्याला जुनी मोटार आली असती. तोवर गिटार ही साथीची चीज, गाणाऱ्याच्या मागे ताल धरून राहणारी. मेबेलने उजव्या हाताच्या अंगठ्याने खालच्या सुरांच्या जाड तारांवर गाण्याची चाल वाजवायला सुरुवात केली आणि त्याच वेळी बाकीच्या बोटांनी वरच्या बारीक तारा झटकून ताल धरला. म्हणजे चालही तीच आणि ठेकाही तीच. दोन वाद्यांचं काम एका हातात. ए. पी. गप्प राहिला तरी पोकळी वाटत नसे, याचं कारण हे. पुढच्या पिढ्यांतल्या अमेरिकन गिटारवादकांनी हे वादन गिरवलं, त्याला नाव दिलं, त्यावर पुस्तकं लिहिली. खोऱ्यातल्या घरी चुलीचं आणि लेकरांचं बघता बघता ते एका तरुण बाईने घडवलं होतं.

मग मंदी आली. अमेरिकेत १९२७ साली दहा कोटींच्या वर विकल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रिका १९३२ मध्ये साठ लाखांवर आल्या. घरातही मोडतोड झाली होती. ए. पी. महिनोन्‌महिने गाण्यांमागे, आणि शेती, लाकूडफाटा, मुलं हे सगळं सॅराच्या अंगावर. याच काळात ए. पी.चा भाऊबंद कॉय बेझ तिच्या आयुष्यात आला. बेझ मंडळी घरातल्या आजारपणापायी कॅलिफोर्नियाला निघून गेली, आणि सॅरा ए. पी.पासून वेगळी झाली. १९३६ साली घटस्फोट झाला. तरी तिघं एकत्र गात राहिले, कारण पोट त्याच्यावर होतं. ते केसांचं औषध आणि टॉनिक विकणाऱ्या शिकागोच्या कन्सॉलिडेटेड रॉयल केमिकल कंपनीने १९३८ मध्ये त्यांना टेक्सासला बोलावलं ते या अवस्थेत. अर्धं वर्ष रेडिओवर गायचं, त्याचा पक्का पगार.

आता केंद्राच्या मालकाबद्दल. जॉन ब्रिंकली हा कॅन्ससमधल्या मिलफर्डचा डॉक्टर. पुरुषांच्या अंगात बोकडाच्या ग्रंथी बसवून तारुण्य परत आणतो, असं सांगून त्याने अफाट पैसा केला आणि त्याच्या शस्त्रक्रियांनी माणसंही दगावली. १९३० साली त्याचा वैद्यकीचा परवाना गेला आणि त्याच वर्षी त्याच्या रेडिओ केंद्राचाही गेला. तेव्हा तो सीमेवर आला. अमेरिकेने आणि कॅनडाने लहरींची वाटणी आपसांत करून घेतली होती आणि मेक्सिकोच्या वाट्याला काही ठेवलं नव्हतं. त्यामुळे अशा माणसाला मनोरा उभारू द्यायला मेक्सिकोची हरकत नव्हती. मध्यम लहरी रात्री वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावर आदळून परत खाली येतात आणि शेकडो मैल पार करतात. त्यात ५०० किलोवॉट. विला आकुन्यातला आवाज थेट कॅनडापर्यंत जाई.

मराठी वाचकाला हे फार परकं वाटू नये. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर, आपले पुण्याचे, नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटसंगीताला जवळजवळ हद्दपार केलं. तेव्हा आपल्याकडच्या श्रोत्यांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. ‘बिनाका गीतमाला’ मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती विमानाने कोलंबोला जात, आणि समुद्रापलीकडून ती गाणी पुन्हा आपल्याच घरी येत. जे घरात हवं आहे ते सरकारी दारातून येत नसेल, तर ते सीमेपलीकडून येतं. एक्सईआरएचे श्रोते आणि आपल्या आईवडिलांची पिढी यांच्यात एवढं साम्य नक्की आहे. फरक असा की सिलोनच्या गाण्यांमधून टूथपेस्ट विकली जात होती, आणि एक्सईआरएवर पेरूना. पेरूना हे टॉनिक म्हणजे मुख्यतः अल्कोहोल, हे अमेरिकन पत्रकारितेने १९०५ सालीच चव्हाट्यावर आणलं होतं.

पहिला हंगाम १९३८ च्या शरदात सुरू झाला. सगळं थेट. आज आपण ‘लाइव्ह’ म्हणतो तेव्हा मंच, दिवे, गर्दी डोळ्यांसमोर येते. इथे समोर कुणीच नव्हतं. एक खोली, एक मायक्रोफोन, एक निवेदक. कुणाचा आवाज किती मोठा हवा हे यंत्रावर ठरत नसे. कोण मायक्रोफोनपासून किती अंतरावर उभं आहे, यावर ते ठरे. घटस्फोटित नवरा-बायको दिवसातून दोनदा हातभर अंतरावर उभी राहून एकमेकांच्या श्वासाचा अंदाज घेत गात होती. चूक झाली तर ती तशीच हवेत जायची, पुसून पुन्हा घेता येत नव्हती. गाणं झालं की ए. पी.ला दोन शब्द बोलता येत, पत्रांचा उल्लेख करता येई. आणि त्यांचं गाणं त्या प्रचंड मनोऱ्यासाठी जराही बदललं नव्हतं. आवाज चढवला नाही, साथीला वाद्यवृंद घेतला नाही. आपल्या खोऱ्यात शेजारणीसमोर गावं तसंच ते पाचशे किलोवॉटवर गात राहिले. ऐकणाऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास बसला तो यामुळे, असं मी मानतो. त्या केंद्रावरचा जवळजवळ प्रत्येक आवाज काहीतरी गळ्यात मारायला बोलत होता. या तिघांच्या आवाजात तशी घाई कुठेच नाही.

थेट गाण्यात काय घडू शकतं याची साक्ष १९३९ च्या फेब्रुवारीत मिळाली. सॅरा आणि कॉय यांची कित्येक वर्षं भेट नव्हती; पत्रंही पोचत नव्हती. कुटुंबात सांगितलं जातं ते असं की एका संध्याकाळी गाण्याआधी सॅराने मायक्रोफोनसमोर त्याचं नाव घेतलं, हे गाणं कॅलिफोर्नियातल्या कॉय बेझसाठी, असं म्हणाली आणि निळ्या डोळ्यांच्या प्रियकराची आठवण काढणारं आपलं जुनंच गाणं गायली. ते तिकडे ऐकू गेलं. कॉय टेक्सासला आला. २० फेब्रुवारी १९३९ रोजी ब्रॅकेटव्हिल इथे त्यांनी लग्न केलं. ए. पी. त्या खोलीत होता, त्या गाण्यात साथीला होता की नव्हता, हे कुठे नोंदलेलं मला सापडलं नाही. मी त्याच्याबद्दल पुष्कळ विचार केला आहे. त्या लग्नानंतरही तो तिच्या शेजारी उभा राहून गात राहिला. त्याने पुन्हा लग्न केलं नाही.

पुढच्याच महिन्यात, डेल रिओमध्येच, ब्रिंकली आपल्याला भोंदू म्हणणाऱ्या मॉरिस फिशबाइन या वैद्यकीय संपादकावर लावलेला बदनामीचा खटला हरला. तिथून त्याची घसरण सुरू झाली. १९४१ मध्ये दिवाळं, १९४२ मध्ये मृत्यू. कार्टर मंडळींचं आणि ब्रिंकलीचं, ही दोन आयुष्यं एका गावात, एका हिवाळ्यात शेजारी शेजारी चालली होती. म्हणूनच ब्रिंकलीवरचं प्रकरण मी गाळलं नाही. ही गाणी ज्या पैशावर हवेत गेली तो पैसा आजारी, घाबरलेल्या, फसलेल्या माणसांकडून आलेला होता. कार्टरांनी बोकडाच्या ग्रंथी विकल्या नाहीत, पण त्यांच्या गाण्यांनी माणसं त्या केंद्रावर खिळून राहिली. गाण्याची निर्मळता यामुळे कमी होते असं मी म्हणणार नाही. फसलेल्यांचं नुकसान त्या निर्मळतेने भरून निघतं असंही म्हणणार नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

दुसऱ्या हंगामात, १९३९ च्या हिवाळ्यात, पद्धत बदलली. मंडळी सॅन अँटोनियोत राहू लागली, कार्यक्रम मोठ्या सोळा इंची तबकड्यांवर आधी मुद्रित होत आणि तबकड्या सीमेवरच्या केंद्रांकडे जात. सीमेपलीकडे तारेने थेट आवाज पाठवायला अमेरिकेने १९३४ च्या कायद्यात विनापरवाना बंदी घातली होती, ती ब्रिंकलीसारख्यांना रोखायलाच. तबकडी हाताने नेण्यात अशी अडचण कमी होती. आता मुलंही गाऊ लागली: सॅराची जॅनेट, मेबेलच्या हेलन, जून आणि अनिता. आज आपल्याला जे ऐकायला मिळतं ते या तबकड्यांवरचं आहे. आरहूली या संस्थेने १९९० च्या दशकात त्यांतलं निवडक प्रसिद्ध केलं. पहिल्या हंगामातलं थेट गाणं ज्यांनी ऐकलं त्यांच्याच कानांत राहिलं. त्यामुळे या पुस्तकात पहिल्या हंगामाबद्दल मी माणसांच्या आठवणींवर भिस्त ठेवली आहे आणि दुसऱ्याबद्दल कानांवर.

श्रोत्यांबद्दल दोन शब्द. १९३० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या दहांतल्या नऊ शेतघरांत वीज नव्हती. रेडिओ बॅटरीवर चाले आणि बॅटरी जपून वापरावी लागे. म्हणजे काय ऐकायचं हे घरातले ठरवून ऐकत. आर्कान्सात १९३२ साली जन्मलेला, तिथल्या डायस वसाहतीत कापूस वेचणाऱ्या एका घरातला मुलगा असाच बॅटरीच्या रेडिओपाशी बसे. तो पुढचा प्रसिद्ध गायक जॉनी कॅश. त्याने पोरवयात कार्टर मंडळींना ऐकलं आणि १९६८ साली जून कार्टरशी लग्न केलं. मेबेल कित्येक वर्षं त्याच्या कार्यक्रमांत गात होती. लोकगायक वुडी गथ्रीने ‘धिस लँड इज युअर लँड’ १९४० मध्ये लिहिलं, तेव्हा त्याची चाल कार्टरांच्या एका धर्मगीतावरून घेतली. कार्टरांनी गायलेली चाल अशी पुन्हा रस्त्यावर आली, आणि ते योग्यच झालं.

हवाना इथे १९३७ साली झालेला लहरींच्या वाटणीचा करार मार्च १९४१ मध्ये अमलात आला. मेक्सिकोला त्याचा वाटा मिळाला आणि मेक्सिको सरकारने त्याच वर्षी एक्सईआरए बंद केलं. त्रयी नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटच्या केंद्रावर थोडा काळ गायली आणि १९४३ मध्ये थांबली. सॅरा कॅलिफोर्नियाला गेली, ए. पी. खोऱ्यात परतून दुकान चालवू लागला, मेबेल मुलींना घेऊन गात राहिली.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल सांगायचं तर प्रकरणं काळानुसार लावलेली नाहीत. आधी रेडिओची खोली, मग गाणी, मग माणसं, असा क्रम आहे. रिडलवरचं प्रकरण मुद्दाम ए. पी.च्या आधी ठेवलं आहे. ज्यांनी हे संगीत कधीच ऐकलेलं नाही त्यांनी वाचायच्या आधी तबकड्यांवरचा एक पूर्ण कार्यक्रम ऐकावा, जाहिरातींसकट. एकेक गाणं सुटं काढून ऐकू नये; निवेदकाची घाई ऐकल्याशिवाय सॅराचा संथपणा कळत नाही. पहिल्यांदा ऐकताना शब्दांकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. मेबेलचा अंगठा कुठे आहे तेवढं शोधावं, तो सापडला की चाल सापडते. दुसऱ्यांदा सॅराकडे लक्ष द्यावं. ए. पी. काही गाण्यांत अर्ध्यावर येतो, काहींत एखाद्या ओळीपुरता, आणि काहींत येतच नाही.